आरपार काच

दगड आला तेव्हा वनमाला मशीनवरून नुकतीच उठली होती. चुलीवर चहा उकळत होता, दिवेलागणीची वेळ, आणि रस्त्याकडच्या खोलीत खळ्ळकन आवाज झाला. ती धावत आली तर खिडकीचं डाव्या अंगाचं तावदान गेलेलं. शिवायला घेतलेल्या हिरव्या पोलक्यावर काचा, मशीनच्या चाकात काचा, आणि खाली वैष्णवीच्या उघड्या पुस्तकावर लिंबाएवढा दगड. वैष्णवी भिंतीला चिकटून उभी होती. तिला लागलं नव्हतं.

"आई, मी न्हाई भेले," ती म्हणाली. म्हणताना तिने भिंत मात्र सोडली नाही.

वनमालाने रस्त्याकडे बघितलं. समोरच्या संपर्क कार्यालयासमोर रोज बसणारी पोरं तिथंच होती. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी आभाळ. दगड जणू आभाळातूनच पडला होता.

हे सगळं सुरू झालं दसऱ्यानंतर. वनमालाचं घर उमापूरच्या बाजाररस्त्याला लागून, उंच जोत्यावर. नवरा भारत कापसाच्या जिनिंगवर कामाला, पोरगी वैष्णवी गेवराईच्या कॉलेजात बी.एस्सी.ला. रस्त्याकडच्या खोलीला एकच खिडकी, वनमालाच्या सासऱ्यांनी सागवानी चौकट घालून केलेली. आतून लोखंडी गज, बाहेरून दोन मोठी तावदानं. त्या उजेडात वनमाला अर्ध्या गावाची पोलकी शिवायची. उरल्या जागेत खाली चटई टाकून वैष्णवी अभ्यास करायची.

दसऱ्याला समोरच्या गाळ्यात अमरसिंहांचं कार्यालय उघडलं. अमरसिंह म्हणजे माजी सभापतींचे चिरंजीव. येत्या निवडणुकीत तिकीट त्यांनाच, असं गाव धरून चाललं होतं. कार्यालय आलं, फलक आला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांवर रिकामी पोरं आली. त्यातलाच एक सत्यम. त्याने मोबाइल खिडकीच्या रोखाने धरून वैष्णवीचा व्हिडिओ काढला. ती पुस्तक वाचतेय, केस मागं सारतेय, एवढाच. पण त्याला गाणं लावून त्याने तो गावभर सोडला. वैष्णवीला कळलं ते कॉलेजातल्या मैत्रिणीकडून.

ती एस.टी.तून उतरली ती थेट खुर्च्यांपुढं जाऊन उभी राहिली. "काढ तो व्हिडिओ," म्हणाली. सत्यम हसला, बाकीचे त्याच्याहून मोठ्याने हसले. वनमालाने खिडकीतून ते पाहिलं. ती गळ्यातली मापाची टेप तशीच ठेवून रस्ता ओलांडून गेली, पोरीचा हात धरला, आणि लोकांना वाटलं आता ही पोरीला मारत घरी नेणार. तिने पोरीला परत एस.टी.त बसवलं आणि गेवराईच्या ठाण्यात नेऊन तक्रार नोंदवली.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी दगड आला.

सकाळी घरात बैठक भरली. बोलायला मोठे दीर रामकिसन, ऐकायला भारत. वनमाला दारापाशी उभी.

"विटा पाठवून देतो," रामकिसन म्हणाले. "खिडकी चिणून टाक, भारत. खिडकीच न्हाई ऱ्हायली तं कोण बघन आन कोण दगड मारन?"

भारत मान हलवत राहिला. होही नाही, नाहीही नाही, अशी त्याची मान.

"आन मी शिवू कुटं?" वनमाला म्हणाली.

"मागच्या खोलीत बसा की. बल्ब लावा."

"दिवसाची लाइट कवा असती आपल्याकडं, भाऊजी? आन मागच्या खोलीत कावून बसू? म्या काय चोरी केली?"

रामकिसनांना दिराच्या तोंडाला तोंड देणाऱ्या भावजयीची सवय नव्हती. ते भारतकडे बघून बोलले, "तिला सांग, पोरीचं लगीन करायचंय. आब्रू एकदा गेली की माघारी येत न्हाई."

"आब्रू दगड मारणाऱ्याची गेली, भाऊजी," वनमाला म्हणाली. "आपली फक्त काच गेली. काच बसवता येती."

रामकिसन उठून गेले. चहाला हातसुद्धा लावला नाही.

ते गेल्यावर भारतने तो गार चहा मोरीत ओतला. भारतला भित्रा असं गावात कुणी म्हणत नसे, पण मोठ्या माणसापुढं त्याचा आवाज बसायचा हे वनमालाला लग्नापासून ठाऊक होतं. "जिनिंगचे मालक आन अमरदादा एका ताटात जेवतेत," तो म्हणाला. "आगं, निदान निवडणूक होईस्तोवर पुठ्ठा लावू."

त्याने तुटक्या तावदानाच्या जागी पुठ्ठा ठोकला. खोलीत सांज झाल्यासारखं झालं. वनमालाने त्या अंधारात एक बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा जोडली, पुन्हा उलटीच बसली. तिने कात्री ठेवली आणि हनुमान सुताराकडे गेली.

हनुमानने सगळं ऐकून घेतलं. हातातला रंधा उगाचच उलटासुलटा करत म्हणाला, "वहिनी, खिडकी माझ्या बापानं बसवलीया. म्याच यायला पायजे. पण माझं दुकान कुणाच्या गाळ्यात हाय, तुमाला म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय."

"मंग झालं तर. मला माफ करा."

"माफ केलं," वनमाला म्हणाली. "पटाशी दे. आन काच अडकवायच्या त्या बारीक बिनडोक्याच्या चुका, खिळे. ते तं देशील?"

हनुमानने इकडंतिकडं बघितलं आणि दोन्ही वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. चौकटीचं माप कसं घ्यायचं तेही सांगितलं, पण हळू आवाजात, जणू चोरीचा माल विकतोय.

गेवराईत चाँदभाईंचं काचेचं दुकान होतं. चाँदभाई बीडला माल आणायला गेले होते आणि गल्ल्यापाशी त्यांची बायको जरीना होती. काच ती स्वतःच कापायची. वनमालाने माप सांगितलं.

"कारागीर पाठवू का, ताई? आमचा साजिद येतो उमापूरला."

वनमाला खरं तेच बोलली. घर कुणाच्या कार्यालयासमोर आहे, काच कशी फुटली, सुतार का आला नाही. साजिद मागं उभा राहून ऐकत होता. जरीनाने त्याच्याकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडायला लागला.

"न्हाई, त्याला नका धाडू," वनमालाच म्हणाली. "उद्या त्याच्यावरच बालंट यायचं. मला शिकवा. मी कापड बेततीच की. हे कडक कापड समजते."

जरीना हसली. पण तिने हात झटकून काम बाजूला सारलं आणि वनमालाला टेबलापाशी बोलावलं. तुटलेल्या काचेचा एक तुकडा पुढं ठेवला, पट्टी लावली आणि काच कापायचा हिरा तिच्या बोटांत दिला.

"एकदाच ओढायचा. भीत भीत दोनदा फिरवला की काच वाकडी जाती. आवाज ऐका, करर्र असा एकसारखा आला पायजे."

वनमालाने ओढला. पहिला तुकडा दातेरी तुटला. दुसराही. मग तिने खांदे सैल सोडले, कात्री चालवताना सोडते तसे, आणि एका दमात ओढून टाकला. टेबलाच्या काठावर टेकवून दाबला तशी काच टक् करून सरळ तुटली. तिला इतका आनंद झाला की तिने तो निरुपयोगी तुकडा उजेडात धरून बघितला.

"घरची काच मीच कापून देते," जरीना म्हणाली. "बसवताना चौकटीत जबरदस्तीनं कोंबू नका. चारी अंगांनी दोरा जाईल एवढी जागा सोडा. लाकूड फुगतं. आधी काच धरणारं लुकण, म्हंजे जुनी लांबी, सगळी खरवडा, खाचेत नव्या लांबीचा हात फिरवा, काच टेकवा, चुका मारा, मग वरून लांबी भरा. जवसाचं तेल घालून मी मळून देते, भाकरीच्या पिठासारखी. आठवडाभर ओली ऱ्हाती, तेवढं सांभाळा." मग तिने कोपऱ्यातल्या काचांकडे बोट दाखवलं. "दुधी काच देऊ का? आतलं दिसत न्हाई. लेकीबाळीच्या घरात लोक तीच नेतेत."

वनमालाने विचार केला. खरंच केला. दुधी काचेतून उजेड येतो, माणूस दिसत नाही. कुणाचंच काही बिघडत नाही.

"साधीच द्या, भाभी," ती म्हणाली. "आरपार दिसणारी."

जरीनाने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि साधी काच ओढली. जुन्या गोधडीत गुंडाळून दिली. एस.टी.त वनमालाने ती मांडीवर उभी धरली. शेजारच्या बाईने विचारलं, "देवाचा फोटो का?" ती म्हणाली, "न्हाई, खिडकी हाय."

काम तिने मुद्दाम बाजाराच्या दिवशी काढलं. भारत म्हणाला होता, दुपारी रस्ता सामसूम असताना उरक. तिने उलट केलं. सकाळी रस्ता माणसांनी फुलला, भाजीवाल्यांनी पालं ठोकली, तेव्हा तिने बाहेरून शिडी लावली, पदर खोचला आणि चढली. वैष्णवी खाली उभी राहून एकेक हत्यार देत होती.

जुनी लांबी दगडासारखी झाली होती. पटाशीने एकेक पापुद्रा निघे आणि डोळ्यात जाई. बाजारातली माणसं थांबून बघायला लागली. बाईमाणूस शिडीवर आणि हातात पटाशी, असं उमापूरने पाहिलं नव्हतं. समोरच्या खुर्च्यांवरून शीळ आली. "काकू, जपून बरं का, काच लागन!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. वनमालाने मागं वळून बघितलं नाही. चौकट साफ करून तिने खाचेत लांबीचा पातळ हात फिरवला.

ती काच उचलणार तेवढ्यात खालून आवाज आला, "काकू, राम राम."

अमरसिंह स्वतः आले होते. पांढरे कपडे, हात जोडलेले. पोरं खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. बाजारही जरा थबकला.

"तुमी कावून त्रास घ्यायलात? मला सांगायचं. माणूस पाठवला असता." त्यांचा आवाज मऊ होता. "पोरं हायेत, चुकतेत. मी समजावतो त्यांना. असं करा, दोन्ही तावदानांना भारीतली दुधी काच मी बसवून देतो. पोरीला बी आडोसा, तुमाला बी निवांत. आन ती ठाण्यातली तक्रार तेवढी माघारी घ्या. गावातलं गावात मिटलेलं बरं."

बाजार ऐकत होता. वनमाला शिडीवर होती, त्यामुळे अमरसिंहांना मान वर करून बोलावं लागत होतं. हातातली लांबी तिने घट्ट दाबली, ती बोटांमधून बाहेर आली.

"दादा," ती म्हणाली, "आडोसा कुणाला पायजे? माझी पोरगी घरात बसून पुस्तक वाचती. त्यात झाकायसारखं काय हाय? दुधी काच बसवायचीच आसन तं या पोरांच्या डोळ्यांवर बसवा. माझ्या खिडकीला साधीच बसन. आन तक्रार न्हाई निघायची."

भाजीवाल्या छबुबाई फस्सकन हसल्या. म्हाताऱ्या बाईला कुणाची भीती! त्यांच्यामागून आणखी एकदोघं हसले आणि लगेच गप्प झाले. अमरसिंहांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "बरं, तुमची मर्जी," म्हणून ते वळले.

वनमालाने बोटांमधली लांबी पुसून काढली. तिने काच टेकवली, चारी अंगांनी दोरा फिरवून बघितला, चुका मारल्या आणि लांबीची धार अंगठ्याने ओढत नेली. शिडीवरून उतरली तेव्हा तिचा अंगठा सोलवटला होता.

त्या काचेला चारच दिवस आयुष्य लाभलं. वनमाला दळण आणायला गेली होती. भरदिवसा, ओल्या लांबीतली काच पुन्हा फुटली. या वेळी मात्र वैष्णवी खिडकीपाशीच होती, आणि दगड मारणाऱ्याचा हात तिने आरपार काचेतून स्वच्छ बघितला. सत्यम.

वनमाला परत आली. पिठाचा डबा खाली ठेवला, सगळं ऐकलं. रडली नाही, ओरडलीही नाही. घमेलं घेतलं, त्यात काचेचा तुकडा न् तुकडा वेचून भरला, वरून दगड ठेवला. घमेलं डोक्यावर घेऊन ती भर रस्त्याने चालत निघाली. लोक विचारत होते, "वनमालाबाई, कुठं?" ती सांगत होती, "सत्यमच्या घरी. त्याचं सामान ऱ्हायलंय आमच्याकडं."

सत्यमची आई सुभद्राबाई अंगणात तूर पाखडत होती. वनमालाची जुनी गिऱ्हाईक; तिच्या अंगावरचं पोलकंही वनमालानेच शिवलेलं. वनमालाने घमेलं तिच्यापुढं ठेवलं.

"तुझ्या पोराचं हाय."

सुभद्राबाईने काचांकडे बघितलं आणि उसळली. "माझ्या पोराचं नाव घ्यायचं न्हाई! तूच त्याला ठाण्यात खेचलंस. त्याला पुण्याला नोकरी लागायलीय, तुझ्या तक्रारीपायी जाईल. आगं, तुलाबी लेकरू हाय ना?"

"हाय. ते ह्या दगडापासून वीतभर अंतरावर बसलतं." वनमाला खाली बसली. आता तिचा आवाज चढला नाही. "सुभद्रा, काच डोळ्यात गेली असती तर? मी ती काच बी इथंच आणून ठेवली असती का?"

सुभद्राबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि तूर खाली सांडत राहिली. वनमाला उठली आणि घमेलं तिथंच सोडून आली.

घरी भारत जिनिंगवरून आलेला होता. उघड्या तावदानासमोर तो उभा होता. वनमालाला वाटलं, आता हा पुन्हा पुठ्ठा आणणार. पण त्याने विचारलं, "चाँदभाईचं दुकान उद्या उघडं आसन का?"

"मालक काय म्हनतील?"

"म्हनू दे," भारत म्हणाला. आवाज बसलेलाच होता, पण शब्द स्पष्ट होते. "पोरीला लागलं असतं तं मालक आला असता का?"

या वेळी गेवराईला माय-लेकी दोघी गेल्या. काच वैष्णवीने कापली. जरीनाने तिला हिरा दिला, एकदाच सांगितलं आणि बाजूला उभी राहिली. पोरीच्या पहिल्याच ओढीला काच सरळ गेली. जरीना म्हणाली, "हिला भीती न्हाई, म्हणून गेली." वैष्णवी म्हणाली, "भीती हाय, मावशी. पण रागबी हाय."

पुन्हा बाजाराचा दिवस. वनमालाने शिडी लावली आणि चढली. भारत आतून गजांमधून काच धरायला उभा होता. समोर खुर्च्यांवर पोरं होती, सत्यम दिसत नव्हता. तिने लांबी हातात घेतली आणि शिडी किंचित हलली. खाली बघितलं तर सुभद्राबाई. काखेत रिकामं, घासून लख्ख केलेलं घमेलं. ते तिने पायरीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"तक्रार माघारी घ्यायची असन तं शिडी सोड," वनमाला वरून म्हणाली. "मी न्हाई घेणार."

"म्हाईत हाय," सुभद्राबाई म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "त्याला म्या आज ठाण्यात धाडलंय, त्याच्या चुलत्याबरोबर. सांगितलं, केलंय ते केलंय म्हण. नोकरी गेली तं जाऊ दे." मग समोरच्या खुर्च्यांकडे तोंड करून, बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आन दगड कुणी हातात दिला तेबी सांग म्हणलं."

कार्यालयासमोरच्या पोरांचे मोबाइल खिशात गेले. एक पोरगा उठून आत गेला. दुसरा मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

"धर मंग नीट," वनमाला म्हणाली.

काच बसली. लांबी भरून होईस्तोवर सुभद्राबाईने शिडी सोडली नाही. उतरल्यावर वनमालाने चहा घे म्हटलं तर सुभद्राबाई नको म्हणाली आणि मान खाली घालून गेली. तिच्या घरात त्या दिवशी काय झालं असेल हे वनमालाला न सांगताच कळत होतं.

पुढं सगळंच सरळ झालं असं नाही. सत्यमने ठाण्यात आपली चूक कबूल केली, व्हिडिओ मोबाइलमधून काढला गेला, पण दगड हातात देणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. अमरसिंहांचं कार्यालय तिथंच राहिलं. भारतला मालकाने जिनिंगवर आतल्या कामावरून काढून कापसाच्या ढिगावर लावलं. तो सरकीच्या धुळीने माखून घरी येतो. रामकिसनांनी अजून या घरात पाऊल टाकलेलं नाही. पण खुर्च्या आता रस्त्याकडे पाठ करून मांडलेल्या असतात. आणि छबुबाईंनी रस्त्याकडच्या आपल्या खिडकीवर कितीतरी वर्षांपासून ठोकलेला पत्रा एके दिवशी उचकटून काढला आणि वनमालाला निरोप धाडला: माप घ्यायला ये.

वनमाला गेली, मागं पटाशी घेऊन वैष्णवी. म्हातारीने विचारलं, "बाई, काच बसवली तं मला दिवसभर दिसन तरी काय?"

"रस्ता दिसन, मावशी," वनमाला टेप उलगडत म्हणाली. "सगळ्यांचा हाय तो. आपण बी बघावा."